वैद्यकाची परिभाषा आणि बाळंतिणीची खोली

भगिनींनो, आपल्या मंडळात गेली दोन वर्षे बुधवारी दुपारी एक लहानसा उपक्रम चालतो, तो बहुतेकींना ठाऊक आहे. भजन आटोपले, की दवाखान्याच्या कागदावरचा एक शब्द फळ्यावर लिहायचा आणि त्याचा अर्थ सगळ्यांनी मिळून लावायचा. कागद कोणीही आणावा, नाव झाकून आणावा. अडले तर आशाताईंना विचारावे, त्यांनाही अडले तर त्यांनी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारून पुढच्या बुधवारी सांगावे. पहिल्या दिवशी आम्ही फक्त सातजणी होतो, आणि 'ॲनिमिया' म्हणजे अंगात रक्त कमी असणे, एवढेच शिकून घरी गेलो. आता ओसरी पुरत नाही.

हे शब्द आले कोठून, मराठीत ते कोणी आणले, आणि आणताना आपल्या घरातल्या शब्दांचे काय झाले, असा प्रश्न माझ्या मनात या उपक्रमामुळे आला. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी त्यावरच लिहावे असे ठरवले. मी काही पंडित नव्हे. परंतु एका शब्दाची किंमत आमच्या घराने मोजली आहे, तेव्हा सुरुवात त्या शब्दापासूनच करते.

१९९१ सालची गोष्ट. माझी धाकटी जाऊ दिवसांत होती, सातवा महिना सरत आला होता. शहरातल्या एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली. तेव्हा सोनोग्राफी हे आपल्याकडे नवलच होते. तेथे सांगण्यात आले, "प्लासेंटा लो आहे, बेडरेस्ट द्या." कागदावरही तसेच इंग्रजीत लिहिलेले होते. घरी कोणाला 'प्लासेंटा' ठाऊक नव्हता, पण 'लो' ठाऊक होता. लो म्हणजे बी.पी. लो, म्हणजे अशक्तपणा, असा आम्ही सर्वांनी अर्थ लावला. त्याप्रमाणे मीठसाखरेचे पाणी सुरू झाले, खारकांची पूड झाली, दूध वाढवले. 'रेस्ट' म्हणजे रानात जायचे नाही, इतके समजले. घरचे पाणी भरणे हे काम म्हणून कोणी मोजतच नव्हते. आठव्या महिन्यात एका सकाळी विहिरीवरून हंडा आणताना तिच्या अंगावरून जाऊ लागले. पोटात कळ नव्हती. कळा नाहीत तर घाबरण्याचे कारण नाही, असे म्हणून दुपारपर्यंत वाट पाहिली, आणि तेथेच चुकलो. कात्रजचा घाट ओलांडून पुण्यास पोचेतो रात्र झाली. जाऊ वाचली. मूल गेले.

महिन्याभराने एका ओळखीच्या नर्सबाईंनी तो जुना कागद वाचला आणि मराठीत सांगितले, "वार खाली होती हो, पिशवीच्या तोंडावर." माझ्या सासूबाई भोर संस्थानच्या अमदानीत जन्मलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पण गावच्या सुईणीच्या हाताखाली त्यांनी वीस-पंचवीस बाळंतपणे पाहिली होती. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आगं, वार म्हणाले आसते तर मी पोरीला हंडा उचलू दिला आसता व्हय?"

त्या घरात अज्ञान कोणाचे होते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. वार आधी पुढे आली तर बाळंतीण हातची जाते, हे सासूबाईंना पक्के माहीत होते. डॉक्टरांनाही तेच माहीत होते. एकच ज्ञान दोन्हीकडे होते. मध्ये शब्दाचा पूल नव्हता.

आता त्या 'प्लासेंटा'ची हकिगत पाहा. हा लॅटिन भाषेतला शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ आहे चपटा, गोल खाद्यपदार्थ. आपण त्याला पोळी म्हणू. युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांनी ती वस्तू पाहिली आणि त्यांना पोळी आठवली, इतकाच त्यात मोठेपणा. फळ्यावर हे सांगितले तेव्हा बायका इतक्या हसल्या, की शेजारच्या आळीतून विचारणा झाली. एका आजींनी तर सांगितले, की मग आपली 'वार' काय वाईट होती! संस्कृतात तिला 'अपरा' म्हणतात, आणि शास्त्राच्या मराठी पुस्तकांतून मुलींना हाच शब्द भेटतो. म्हणजे मुलीला 'अपरा', डॉक्टरांना 'प्लासेंटा' आणि आजीला 'वार'. एका घरात तिघी बसल्या तर एका वस्तूची तीन नावे, आणि तिघींपैकी कोणीही दुसरीचे समजत नाही.

हे असे का झाले, यासाठी थोडे मागे जावे लागेल. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. तेथील शिक्षण इंग्रजीत. १८५१ मध्ये जी पहिली तुकडी बाहेर पडली तीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. परंतु इंग्रजी शिकलेले इतके थोडे, की त्यांच्यावर गावोगावचे दवाखाने चालणे शक्य नव्हते. म्हणून १८६१ साली त्याच कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग निघाले. मराठीतून शरीर, मराठीतून औषधे, मराठीतून प्रसूती! आज हे कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. या देशी भाषांच्या वर्गांत शिकवणाऱ्यांपैकी एक होते डॉ. सखाराम अर्जुन. त्यांचा जन्म १८३९ चा, मृत्यू १८८५ चा. त्यांनी मराठीत वैद्यकावर लिहिले, मुंबई इलाख्यात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची यादी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि १८८३ साली मुंबईत निसर्गाच्या अभ्यासासाठी जी प्रसिद्ध संस्था निघाली तिच्या आठ संस्थापकांत जे दोन हिंदी गृहस्थ होते त्यांपैकी ते एक. दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग.

मराठीतून शिकवायचे तर शब्द हवेत. त्या वेळच्या विद्वानांपुढे दोन वाटा होत्या. इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा, नाही तर चरक-सुश्रुतांतून संस्कृत शब्द काढायचा. तिसरी वाट होती, पण तिकडे फारसे कोणी वळले नाही. ती वाट बाळंतिणीच्या खोलीतून जात होती. तेथे वार, नाळ, कळा, पिशवी, पायाळू, मूल आडवे येणे, अंगावरून जाणे, हे सारे शब्द तयार होते. रोज वापरून गुळगुळीत झालेले होते. परंतु त्या खोलीत पुरुषाला मज्जाव, मग तो डॉक्टर का असेना. आणि जिला तेथे प्रवेश होता त्या सुइणीला लिहिता येत नव्हते. पुस्तक करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी जे जवळ होते ते घेतले. मात्र आपल्या आज्यांचे शब्द त्यामुळे दाराबाहेर राहिले, हेही खरे.

ते दार आतून उघडू शकली असती अशी एक बाई झाली. आनंदीबाई जोशी. त्यांचे चरित्र आपणांस ठाऊक आहे; नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि मूल दहा दिवसांचे होऊन गेले. एवढे सांगून लोक लगेच त्यांना बोटीत बसवतात. मला मात्र तेथे थांबावेसे वाटते. चौदा वर्षांच्या त्या पोरीने बाळंतिणीच्या खोलीतले सगळे शब्द पडल्या पडल्या ऐकले असणार. पुढे १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्यांना त्याच गोष्टींची लॅटिन-ग्रीक नावे इंग्रजीतून पाठ करावी लागली. आपल्याला एक 'हिमोग्लोबिन' उच्चारायला दोन बुधवार लागले, हे आठवले की त्यांच्या कष्टाची थोडी कल्पना येते.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्यासाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. हा विषय त्यांनी निवडला याचे मला फार अप्रूप आहे. परदेशात, परभाषेत शिकताना आपल्या लोकांनी या विषयावर काय म्हणून ठेवले आहे, ते त्यांनी गोऱ्या अध्यापकांपुढे मांडले. अर्थात त्यांचाही आधार जुन्या ग्रंथांचाच. सुश्रुताने अडलेल्या बाळंतपणाला 'मूढगर्भ' म्हटले आहे आणि त्याचे प्रकार सांगितले आहेत. आपल्याकडची सुईण त्यालाच मूल आडवे आले, हात आधी आला, असे म्हणते. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरली होती. तेथे त्या दहा वर्षे जरी काम करत्या, तरी ग्रंथांतला शब्द, डॉक्टरांचा शब्द आणि सुइणीचा शब्द हे तिन्ही एका बाईच्या तोंडी आले असते. पण क्षयाने त्यांना गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या, तेव्हा बावीस वर्षेही पुरी नव्हती. प्रबंध फिलाडेल्फियात राहिला. तेथील संग्रहात तो अजून जपलेला आहे.

दुसरी बाई डॉ. रखमाबाई. वर सांगितलेल्या सखाराम अर्जुनांच्या त्या सावत्र कन्या. ज्या घरात वैद्यकाची मराठी पुस्तके लिहिली जात होती त्या घरात त्या वाढल्या. लहानपणी झालेले लग्न मान्य नाही, म्हणून नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला, तो खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत चालला आणि विलायतेपर्यंत गाजला. पुढे लंडनला जाऊन १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. १९५५ मध्ये त्या वारल्या. म्हणजे आपल्या मंडळातल्या वयस्क सभासदांच्या बालपणापर्यंत त्या हयात होत्या.

डॉक्टरीण मात्र शंभर गावांत एक नसे. तेव्हा शब्द खरे पोचवले ते नर्सबाईंनी. पुण्यास रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली सेवासदन निघाले. तेथून विधवा व परित्यक्ता बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचे आणि सुइणीचे शिक्षण घेण्यास जाऊ लागल्या. लोकांनी नावे ठेवली, ती ठेवणारच. परंतु या बायकांच्या डोक्यात दोन्ही भाषा एकत्र नांदू लागल्या. डॉक्टरांशी 'प्लासेंटा' आणि खाटेवरच्या बाईशी 'वार', असे त्या सहज बोलत. आमच्या घरी तो कागद वाचणारी बाईही याच पेशातली. 'परिचारिका' हा सुंदर शब्द त्यांच्यासाठी केला गेला, पण गावाने तो घेतला नाही. गावाने 'नर्सबाई' केले आणि इंग्रजी शब्दाला मराठी पदर लावून टाकला. मला तोच अधिक आवडतो.

शब्द नेहमी तिकडूनच इकडे येतात असे मात्र समजू नका. आपल्याकडचा एक शब्द साता समुद्रापार गेला आहे. अजीर्ण होऊन ढाळ-वांती झाली की आपण 'मोडशी' म्हणतो. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तेथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात जीवघेण्या ढाळवांतीच्या रोगाचे वर्णन करताना इथल्या लोकांच्या तोंडचे हे नाव नोंदवले. पोर्तुगिजांनी त्याचे 'मोर्देशी' केले. फ्रेंचांच्या कानी ते गेले तेव्हा त्यांना त्यात 'मोर द शियँ', म्हणजे कुत्र्याची मौत, असे ऐकू आले आणि तेच रूढ झाले! न समजलेल्या शब्दाला आपल्या ओळखीचा अर्थ चिकटवायचा, ही खोड फक्त आपली नव्हे, म्हणून सांगितले. आम्ही 'लो' ऐकून मीठसाखर पाजली, त्यांनी 'मोडशी' ऐकून कुत्रे आणले.

काही शब्दांत मात्र दोन्हीकडच्या लोकांनी एकच पाहिले आहे. 'टिटॅनस' हा ग्रीक शब्द ताणले जाण्यावरून आला. आपला 'धनुर्वात' धनुष्यावरून. रोग्याची पाठ कमानीसारखी ताठ वळलेली ज्याने एकदा पाहिली तो दुसरे नाव देणार नाही. घरच्या विळ्याने, कोयत्याने नाळ कापली जाई त्या काळी कोवळी पोरे पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच याने जात, आणि सटवाईने लिहिलेच तेवढे होते, म्हणून आपण गप्प बसत होतो. गरोदरपणी आईला दोन सुया आणि नाळेला स्वच्छ पाते, एवढ्याने हे थांबले. २०१५ साली आपल्या देशातून आई व नवजात बाळ यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. 'कॅन्सर' म्हणजे खेकडा, ग्रीकांपासून चालत आलेला. आपण त्याचे 'कर्करोग' केले, तोही खेकडाच. तेथे मात्र आपण त्यांचेच पाहून केले. जुन्या ग्रंथांत वेगळा शब्द 'अर्बुद' होता.

उलट काही नावे सत्य झाकतात. 'मलेरिया' म्हणजे इटालियन भाषेत वाईट हवा. आपला 'हिवताप' अंगातली हुडहुडी सांगतो. डास दोन्हीत नाही. तो १८९७ साली सिकंदराबादेस रॉस साहेबांच्या दुर्बिणीखाली सापडला. 'पायाळू' शब्द किती नेमका! मूल पायाकडून जन्मले, एवढे एका शब्दात सांगितले. पण त्या नेमक्या शब्दाभोवती आपण काय जमवले? उसण भरली की पायाळूचा पाय लावा, पायाळूवर वीज पडते, पायाळूला जमिनीतले पाणी दिसते. मूल पायाळू येणार असे आधी कळले तर बाळंतपण घरी करू नये, हे सोडून सगळे. आपल्या शब्दांचे गोडवे गाताना हेही सांगितले पाहिजे.

देवीचेही तसेच. रोगाचेच नाव देवी, तेव्हा तो घालवायचा कसा? आईचा कोप म्हणून कडुलिंबाचे डहाळे लावून बसत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. इंग्रजीतला लशीचा शब्द लॅटिन 'गाय' या शब्दावरून आला, कारण ती लस गाईच्या फोडांपासूनची. आपल्या लोकांनी मात्र टोचण्यालाच 'देवी काढणे' म्हटले. नाव तेच ठेवले, भक्तिभाव दुखावला नाही, आणि दंड पुढे केला. माझ्या दंडावर तो वण अजून आहे, नातवंडे बोट लावून विचारतात. देशातला शेवटचा देवीचा रोगी १९७५ साली झाला आणि १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. त्या शब्दाच्या जोडीने रोग घालवता आला, याचे श्रेय त्या भाषांतर करणाऱ्या अनाम माणसांना दिले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर परिभाषेचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. १९४८ साली दाते आणि कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश निघाला. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने एकेका शास्त्राचे कोश काढले. त्यांत औषधशास्त्र व विकृतिशास्त्र हेही आहेत. विद्वानांनी घाम गाळून केलेले हे ग्रंथ आहेत. तथापि डॉक्टरीचे शिक्षण इंग्रजीतच चालू राहिले, त्यामुळे कोशातले शब्द दवाखान्याच्या मेजापर्यंत आले नाहीत. आणि मेजाच्या या बाजूला बसलेल्या आपण बायका विचारायला लाजलो. डॉक्टर काय म्हणतील, वेळ नाही म्हणतील, अडाणी म्हणतील.

१९९१ साली मी त्या दवाखान्यात जावेबरोबर होते, हे वर लिहायचे राहिले, खरे तर टाळले. मी सातवी शिकलेली. 'प्लासेंटा म्हणजे काय हो?' हे चार शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. बाहेर रांग होती आणि मला संकोच वाटला.

हल्ली दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते. २०१६ पासून ही पद्धत आहे. आपल्या आरोग्य केंद्रात मागच्या खेपेस मी भाचसुनेबरोबर गेले. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या नातीएवढ्या. कागदावर काही लिहू लागल्या, तेव्हा मी म्हटले, "बाई, वार कुठे आहे तेवढे सांगा." त्यांनी मान वर करून पाहिले आणि हसून म्हणाल्या, "वर आहे आजी, अगदी वर." घरी आल्यावर जावेला तसेच सांगितले. ती तांदूळ निवडत होती. "बरं झालं," म्हणाली, आणि पुन्हा निवडू लागली.

येत्या बुधवारी फळ्यावर 'प्रीएक्लॅम्प्सिया' आहे. पायांवरची सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आणि वाढलेला रक्तदाब, असा काही मेळ त्यात आहे, इतके आशाताईंनी सांगून ठेवले आहे. जुन्या बायका याला काय म्हणत, ते कोणाला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कळले तर लिहून आणावे. वही माझ्याकडे आहे.